मलकुल-मौत : इस्लामी श्रद्धेतील मृत्युदूत

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गावर घडलेला एक लहानसा प्रसंग या लेखास कारण झाला आहे. वर्गातील एक विद्यार्थी आजीच्या निधनामुळे चार दिवस शाळेत आला नव्हता. घराणे मूळचे खानदेशातले, धर्माने मुसलमान. घरात उर्दू आणि अहिराणी दोन्ही चालतात. पाचव्या दिवशी तो येऊन आपल्या जागेवर बसला, तेव्हा शेजारच्या मुलाने, मुलांना असते तशा निष्पाप कुतूहलाने, त्याला विचारले, “तुमच्याकडेपण यमदूत येतो का रे?” आम्ही त्याला गप्प करणार, तोच आजीच्या नातवाने शांतपणे उत्तर दिले, “आमच्यात इज्राईल येतात. ते मारत नाहीत, घेऊन जातात.”

मराठीचे अध्यापन हा आमचा व्यवसाय. त्यामुळे त्या संवादातील क्रियापदे दिवसभर आमच्या कानांत राहिली. यमदूत ‘येतो’; इज्राईल ‘येतात’. ज्यांनी चारच दिवसांपूर्वी आपल्या आजीला नेले, त्यांच्याविषयी हा मुलगा आदरार्थी बहुवचन वापरतो, जसे आपण गुरुजनांविषयी वापरावे. हे केवळ उर्दू बोलीचे वळण आहे, की त्यामागे काही विचार आहे? या प्रश्नाने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. काही ग्रंथ चाळले, आणि तापीपलीकडे रांदेरला राहणाऱ्या एका वृद्ध स्नेह्यांकडे सलग दोन रविवार जाऊन बसलो. त्यांचा धंदा घड्याळे दुरुस्त करण्याचा, पण अरबीचे वाचन चांगले आहे. आम्ही धर्मशास्त्राचे पंडित नाही; जिज्ञासू शिक्षकाला जेवढे उमगले तेवढेच पुढे मांडीत आहोत.

आरंभ शब्दापासूनच करू. अरबी भाषेत देवदूताला ‘मलक’ म्हणतात आणि मृत्यूला ‘मौत’. ‘मलकुल-मौत’ म्हणजे मृत्यूचा देवदूत. हा ‘मौत’ शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. “अमक्याच्या मयताला जाऊन आलो,” असे आपल्या घरातील आजोबा बोलतात, तो ‘मयत’ शब्द त्याच अरबी धातूचा. ‘मलक’ याच्या मुळाशी ‘पाठविणे’ हा अर्थ आहे. म्हणजे मलक हा धाडलेला, निरोप्या. फारसीतील ‘फरिश्ता’ याचाही मूळ अर्थ धाडलेला असाच. आमची मातृभाषा कोकणी. गोव्यातील आमचे ख्रिस्ती शेजारी देवदूताला ‘आंज’ म्हणत. तो शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि त्याचे मूळ ग्रीक भाषेत आहे. तेथेही अर्थ निरोप्या हाच. आणि आपला ‘देवदूत’ तर बोलून चालून दूतच आहे! चार दिशांकडून आलेल्या या चार शब्दांनी एकच गोष्ट सांगावी, याचे आम्हांस नवल वाटले. निरोप कोणाचा, हा प्रश्न महत्त्वाचा. निरोप्या स्वतःचे काही आणीत नाही.

इस्लामी श्रद्धेप्रमाणे देवदूत प्रकाशापासून निर्माण झाले आहेत. ते खात नाहीत, पीत नाहीत, आणि मुख्य म्हणजे ईश्वराची आज्ञा मोडण्याची इच्छाच त्यांच्या ठायी नाही. मनुष्याला बरेवाईट निवडता येते, म्हणून त्याला पुण्य आहे आणि पापही आहे. देवदूताला ते नाही. म्हणूनच मृत्युदूत क्रूर असू शकत नाही. क्रूर होण्यासाठी मनात द्वेष लागतो, आणि तेवढी मोकळीक त्याला दिलेलीच नाही.

कुराणात ‘मलकुल-मौत’ हे शब्द एकाच ठिकाणी येतात, बत्तिसाव्या ‘सज्दा’ नावाच्या अध्यायातील अकराव्या वचनात. तुमच्यावर नेमलेला मृत्यूचा दूत तुम्हांस घेऊन जाईल आणि मग तुम्ही आपल्या प्रभूकडे परताल, असा त्याचा आशय आहे. यातील ‘नेमलेला’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. पण सहाव्या अध्यायात हेच काम ‘आमचे दूत’ करतात, असे अनेकवचन येते. आणि एकोणचाळिसाव्या अध्यायात तर स्वतः ईश्वरच प्राण काढून घेतो, असे म्हटले आहे. मग प्राण नेतो कोण? ईश्वर, एक दूत, की पुष्कळ दूत? भाष्यकारांनी याचा मेळ सहज घातला आहे. आमच्या स्नेह्यांनी तो घड्याळाचे झाकण उघडून दाखविला. काटा फिरताना आपल्याला दिसतो. त्याला फिरविणारी चाके पुष्कळ. चाकांना बळ देणारी कमान एक. आणि किल्ली देणारा हात घड्याळाबाहेर.

त्या एकोणचाळिसाव्या अध्यायातील वचनात आणखी एक सुंदर कल्पना आहे. ईश्वर मृत्यूच्या वेळी जसा प्राण घेतो, तसाच तो झोपेतही घेतो. ज्याची वेळ भरली त्याचा प्राण ठेवून घेतो, बाकीच्यांचे ठरावीक मुदतीपर्यंत परत धाडतो. म्हणून भाविक मुसलमान सकाळी डोळे उघडताच, मेल्यानंतर पुन्हा जिवंत केल्याबद्दल ईश्वराचे आभार मानतो. सकाळी सातच्या ठोक्याला शाळेत येताना कुरकुरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी याचा विचार करावा!

आता इज्राईल या नावाविषयी. वाचकांस आश्चर्य वाटेल, पण हे नाव कुराणात कोठेही नाही. जिब्राईल आणि मीकाईल या दोन देवदूतांची नावे तेथे आहेत. प्रलयाच्या दिवशी तुतारी फुंकणाऱ्या इस्राफीलचे नाव हदीसांत, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या व आठवणींच्या संग्रहांत, सापडते. इज्राईल हे नाव मात्र नंतरच्या परंपरेतून आणि कथांतून रूढ झाले. त्यामुळे काटेकोर विद्वान आजही नुसते ‘मलकुल-मौत’ म्हणणेच पसंत करतात. लोकांना मात्र नुसत्या हुद्द्याने समाधान होत नाही, त्यांना नाव लागते. कथाकारांनी मग त्या नावाला रूपही दिले. हजारो पंख, आणि सगळी पृथ्वी त्यांच्यापुढे जेवणाच्या ताटासारखी मांडलेली, हव्या त्या ठिकाणाहून हवा तो घास उचलावा अशी. एकाच क्षणी सुरतेत आणि सिंगापुरात माणसे मरतात, ते एकाच दूताला कसे साधते, या शंकेचे हे उत्तर आहे. शेवटी सर्व सृष्टी लयाला गेल्यावर इज्राईलनाही मरण यावे लागते, असेही परंपरा सांगते.

मरणशय्येजवळ काय घडते, याचे तपशीलवार वर्णन बरा इब्न आजिब या पैगंबरांच्या सहकाऱ्यांनी सांगितलेल्या एका दीर्घ हदीसेत आहे. सज्जनाचा अंतकाळ जवळ आला की सूर्यासारख्या तेजस्वी मुद्रेचे देवदूत स्वर्गातील कफन आणि सुगंध घेऊन त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येऊन बसतात. मृत्युदूत उशाशी बसतो आणि आत्म्याला बाहेर येण्यास सांगतो. पखालीच्या तोंडातून पाण्याचा थेंब ओघळावा तसा तो आत्मा अलगद बाहेर येतो. दुर्जनाच्या वेळी येणाऱ्यांची तोंडे काळवंडलेली असतात, हातांत खरखरीत गोणपाट असते, आणि ओल्या लोकरीत अडकलेली काटेरी सळई ओढावी तसा आत्मा ओढून काढावा लागतो. येथे एक गोष्ट पाहावी. दोन्ही वेळी उशाशी बसणारा दूत एकच आहे. बदलतो तो मरणाऱ्याच्या आयुष्याचा हिशेब.

आपल्या यमाशी याची तुलना केल्यावाचून राहवत नाही. वर्गातला प्रश्नही तोच होता. यम हा राजा आहे आणि न्यायाधीशही. दक्षिण दिशा त्याची, रेडा त्याचे वाहन, फास त्याच्या हाती. यमदूत त्याचे शिपाई, चित्रगुप्त त्याचा लेखनिक. म्हणजे पकडणे, हिशेब ठेवणे आणि निवाडा देणे ही तिन्ही कामे एकाच दरबारात होतात. इस्लामी श्रद्धेत ही कामे वाटून दिलेली आहेत. हिशेब लिहिणारे दोन मानवंत लेखनिक, ‘किरामन कातिबीन’, प्रत्येक माणसाबरोबर जन्मभर असतात, एक उजव्या बाजूस, एक डाव्या. निवाडा केवळ ईश्वराचा, तोही कयामतीच्या दिवशी. मलकुल-मौताकडे फक्त नेण्याचे काम राहते. त्यांच्या हाती फास नाही आणि न्यायदंडही नाही.

आणखी एक भेद आमच्या दृष्टीने मोठा आहे. यमाशी बोलता येते. सावित्रीने त्याला शब्दांत गाठून सत्यवानाला परत मिळविले, म्हणून तर आपल्या आयाबहिणी सुरतेतही वडाचे झाड शोधून ज्येष्ठी पौर्णिमेला सूत गुंडाळतात. नचिकेत्याने त्याला प्रश्न विचारून ज्ञान मिळविले. मलकुल-मौतांशी असा वाद घालण्याचा एकच प्रसिद्ध प्रसंग हदीसांत आहे, आणि तो वादाचा नव्हे, चक्क थपडेचा आहे! ख्रिस्ती लोक ज्यांना मोशे म्हणतात, त्या हजरत मूसांकडे मृत्युदूत मनुष्यरूपाने गेला असता मूसांनी त्याला अशी थप्पड दिली की त्याचा डोळाच गेला. दूत परत गेला आणि ज्याला मरण नको आहे अशा माणसाकडे आपण मला धाडले, अशी तक्रार त्याने ईश्वराकडे केली. ईश्वराने त्याचा डोळा बरा केला आणि पुन्हा पाठविताना सांगितले : मूसाला म्हणावे, बैलाच्या पाठीवर हात ठेव, हाताखाली जितके केस येतील तितकी वर्षे तुला दिली. मूसांनी विचारले, “आणि त्यानंतर?” उत्तर आले, “त्यानंतर मृत्यू.” तेव्हा मूसा म्हणाले, “मग आत्ताच येऊ दे.” पवित्र भूमीपासून दगडाच्या टप्प्याइतक्या अंतरावर आपणांस नेऊन ठेवावे, एवढेच त्यांनी मागितले. सावित्रीला आयुष्य मिळाले. मूसांना देऊ केलेले आयुष्य त्यांनी स्वतः परत केले. या दोन कथांपैकी श्रेष्ठ कोणती, असे आम्हांस विचारू नये. बैलाच्या पाठीवरील केस मोजण्याचे गणित मात्र सहावीच्या मुलांनी अवश्य करून पाहावे.

मृत्युदूताचे काम संपले की दुसरे दोघे येतात. त्यांची नावे मुन्कर आणि नकीर. ही नावेही कुराणात नाहीत, हदीसेत आहेत. वर्ण काळा आणि डोळे निळे. दफन करून माणसे परत फिरतात, त्यांच्या पावलांचा आवाज कबरीतील मयताला ऐकू येत असतो, तोच हे दोघे येऊन त्याला उठवून बसवितात, असे हदीस सांगते. परतणाऱ्या आप्तांची दूर जाणारी पावले ऐकत एकट्याने परीक्षेस बसणे! आम्ही हे प्रथम वाचले, तेव्हा पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. प्रश्न तीन असतात : तुझा प्रभू कोण, तुझा धर्म कोणता, तुझा पैगंबर कोण. उत्तरे पाठ असून भागत नाही; जो तसे जगला त्यालाच ती आठवतात. म्हणूनच मरणोन्मुख माणसाच्या कानाशी कलमा म्हणतात, ‘यासीन’ हा अध्याय वाचतात. मयताला उठून बसता येईल इतकी पोकळी राहावी म्हणून कबरीत फळ्या तिरप्या घालतात, अशीही समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते.

कबरीची दिशा सांगायची तर भूगोलाचे पुस्तक उघडावे लागेल. मयताचे तोंड मक्केतील काबागृहाकडे असावे, असा दंडक आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी नकाशावर बोट ठेवून पाहावे : सुरत आणि मक्का ही दोन्ही नगरे एकवीस अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित पुढे, जवळजवळ एकाच रेषेवर आहेत. मध्ये अरबी समुद्र आणि अरबस्तानचे वाळवंट. म्हणून येथील कबरी उत्तर-दक्षिण खणतात. मयताचे डोके उत्तरेस, पाय दक्षिणेस, आणि तोंड उजव्या कुशीवर पश्चिमेकडे. आता आठवा, दक्षिणेकडे पाय करून झोपू नये म्हणून आजी आपल्याला का रागावते! ती यमाची दिशा, मयताचे पाय तिकडे. कारणे अगदी निराळी, पण शेवटच्या निद्रेत दोन्ही शेजाऱ्यांचे पाय एकाच दिशेला होतात.

शाबान महिन्याच्या पंधराव्या रात्री, शब-ए-बरातेला, सुरतेतील कबरस्तानांत दिवे लागतात आणि लोक आपल्या माणसांच्या कबरींवर जाऊन प्रार्थना करतात. स्वर्गातील एका वृक्षाच्या पानापानांवर माणसांची नावे आहेत, आणि वर्षभरात ज्यांचे मरण आहे त्यांची नावे या रात्री मृत्युदूताच्या स्वाधीन होतात, अशी लोकसमजूत आहे. सर्व विद्वानांना ती मान्य नाही. पण चंद्रगणनेमुळे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकणारी ही रात्र कधी थंडीत तर कधी ऐन पावसात येते, आणि छत्र्या घेऊन माणसे कबरस्तानाकडे जातच असतात.

सुरत शहराचा या श्रद्धेशी असलेला संबंध याहून जुना आहे. मोगल काळात हिंदुस्थानातील यात्रेकरू येथूनच जहाजाने मक्केस जात, म्हणून सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ मध्ये येथूनच हजसाठी निघाली आणि सहा वर्षांनी, १५८२ मध्ये, राजधानीत परतली. शहाजहानच्या अमदानीत, १६४४ मध्ये, प्रवाशांसाठी एक भव्य मुसाफिरखाना बांधण्यात आला. सुरतेचे लोक त्याला मुगलीसरा म्हणतात. त्या काळी समुद्रप्रवास म्हणजे जिवावरचे काम : वादळे, रोगराई, शिवाय चाचे. मक्केहून परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे बादशाही जहाज १६९५ मध्ये इंग्रज चाच्यांनी लुटले, तेव्हा सारी सुरत हादरली होती. म्हणून हजला जाणारा माणूस निघण्यापूर्वी कर्ज फेडी, दुखावलेल्यांची क्षमा मागे, निरवानिरव करी. परतताना पुष्कळजण स्वतःचे कफन तेथील झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून, वाळवून घरी आणीत आणि पेटीच्या तळाशी ठेवून देत. वर्गातील त्या मुलाच्या आजीची पेटीही तशीच होती, असे त्याने आम्हांस नंतर सांगितले. कफनाच्या घडीवर तिने नातवंडांची लहानपणची झबली ठेवली होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मृत्युदूताविषयी राग का नाही? याचे सर्वांत सुंदर उत्तर आम्हांस एका कथेत मिळाले. जलालुद्दीन रूमी या तेराव्या शतकातील फारसी कवीने आपल्या ‘मसनवी’त ती सांगितली आहे. आदमाचा देह घडविण्यासाठी मूठभर माती हवी होती. ती आणावयास जिब्राईल पृथ्वीकडे गेले. पृथ्वी रडली, विनवू लागली, आणि ते दया येऊन रिकाम्या हाती परतले. मीकाईल परतले, इस्राफील परतले. चौथ्या खेपेस इज्राईल गेले. पृथ्वीचे रडणे त्यांनीही ऐकले, पण आज्ञा मोठी मानून त्यांनी माती उचलली. तेव्हा ईश्वराने, ज्याने माती आणली त्यानेच ती परत नेऊन पोहोचवावी, म्हणून प्राण नेण्याचे काम त्यांना दिले. इज्राईल म्हणाले : प्रभो, मग सारी माणसे माझा द्वेष करतील. ईश्वराने आश्वासन दिले : मी ताप, पोटशूळ, शस्त्रांचे घाव अशी नाना कारणे निर्माण करीन, लोकांची दृष्टी त्या कारणांवर खिळेल, तुझ्यावर कोणी ठपका ठेवणार नाही.

ही कथा वाचताना आम्ही दचकलो, कारण तिची बहीण आपल्याच घरात आहे. महाभारताच्या शांतिपर्वात मृत्यूची कथा येते. प्रजा वाढून पृथ्वीला भार असह्य झाला, तेव्हा ब्रह्मदेवाच्या देहातून मृत्यू नावाची स्त्री प्रकट झाली. प्राण हरण करण्याची आज्ञा होताच ती रडू लागली. बाळे, तरुण, कोणाचे आईबाप, त्यांना मी कशी नेऊ? ती पळून गेली, हजारो वर्षे तप करीत राहिली. ब्रह्मदेवाने तिचे अश्रू ओंजळीत धरून ठेवले होते. तो म्हणाला, हे अश्रूच व्याधी होतील आणि वेळ येताच माणसांना पीडतील. तुला अधर्म लागणार नाही. दोन निराळ्या भाषा, दोन निराळे धर्म. आणि दोन्हीकडे मृत्यू आणणाऱ्याला स्वतःच्या कामाचे दुःख आहे, व दोन्हीकडे रोग हा त्याच्यावर घातलेला पडदा आहे. एकाने दुसऱ्याची कथा घेतली असे म्हणण्यास आमच्याजवळ आधार नाही. मरणाला शिव्या देऊन थकलेली माणसे कोठेही असोत, कधीतरी याच विचारापाशी येत असावीत.

रोगाचा पडदा कसा असतो, हे सुरतेला शिकविण्याची गरज नाही. १९९४ च्या सप्टेंबरात, पुराचे पाणी ओसरल्यावर, येथे प्लेगची बातमी पसरली. आम्ही त्या वेळी अगदी अजाण. पण आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी ते दिवस अंगावर काढले आहेत. लाखो लोक चार दिवसांत शहर सोडून गेले. लिंबायत-उधन्याकडची खानदेशी कुटुंबे मिळेल त्या गाडीने नंदुरबार-भुसावळकडे निघाली. डब्यात जागा नव्हती म्हणून टपावर बसून गेल्याचे एका पालकांनी आम्हांस सांगितले. प्रत्यक्ष मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. भीतीने हलविलेली माणसे त्यांच्या कित्येक हजारपट.

हे ऐकून आम्ही वर्गात रूमीचीच दुसरी गोष्ट सांगितली. एका सकाळी एक मनुष्य भीतीने पांढराफटक पडून सुलेमान बादशहाच्या दरबारात आला. “इज्राईलनी माझ्याकडे रोखून पाहिले, वाऱ्याला सांगा, मला हिंदुस्थानात नेऊन टाक.” सुलेमानाची वाऱ्यावर सत्ता होती, वाऱ्याने त्याला उचलून समुद्रापलीकडे नेले. दुसऱ्या दिवशी सुलेमानाने इज्राईलना विचारले, “त्या बिचाऱ्याकडे असे का पाहिलेत?” ते म्हणाले, “रागाने नव्हे, नवलाने पाहिले. त्याचा प्राण त्याच दिवशी हिंदुस्थानात घेण्याची मला आज्ञा होती, आणि हा येथे कसा, हे मला कळेना.”

मुले गप्प झाली. मग एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे पळून गेलेल्यांनी मूर्खपणा केला? आणि मग औषध तरी कशाला घ्यायचे?” प्रश्न रास्त होता. या श्रद्धेवर आळशीपणाचा आरोप नेहमी येतो, आणि त्याचे उत्तर इस्लामच्या इतिहासातच आहे. सातव्या शतकात खलिफा उमर शामदेशाकडे जात असता सर्ग या ठिकाणी त्यांना पुढे मोठी साथ असल्याचे कळले. त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. सेनापती अबू उबैदा यांनी विचारले, ईश्वराने नेमलेल्या प्राक्तनापासून आपण पळता काय? उमर म्हणाले, होय, ईश्वराच्या एका प्राक्तनाकडून त्याच्याच दुसऱ्या प्राक्तनाकडे. तुझे उंट हिरव्या उतारावर चारलेस काय आणि उजाड उतारावर चारलेस काय, दोन्ही त्याच्याच आज्ञेने नव्हे का? मग एका सहकाऱ्याने पैगंबरांचे वचन सांगितले, की साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि असलेल्या गावातून पळून बाहेर पडू नये. आज ज्याला विलगीकरण म्हणतात, ते याहून फार निराळे नाही. अबू उबैदा स्वतः त्याच साथीत आपल्या सैनिकांबरोबर राहिले आणि तेथेच वारले.

इज्राईलना कोणी अडवू शकत नाही. पण त्यांच्यापुढचा कारणांचा पडदा माणसाच्या हाताला लागतो, असे आम्ही त्या मुलीला सांगितले. सुरतेने तेच केले. १९९५ मध्ये एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी कचऱ्याने भरलेले हे शहर असे झाडून काढले की देशातील स्वच्छ शहरांत त्याचे नाव घेतले जाऊ लागले. आयुक्तांची कचेरी होती ती त्या मुगलीसरातच. १८६७ पासून नगराचा कारभार तेथून चालत आला. जेथे एके काळी यात्रेकरू कफनाची तयारी करून जहाजाची वाट पाहत, तेथून झाडूवाल्यांच्या पाळ्या ठरू लागल्या.

तास संपत आला होता. मागच्या बाकावरून एक आवाज आला, “सर, वाऱ्याने त्या माणसाला हिंदुस्थानात कुठे उतरवला? समुद्राकडून आला म्हणजे सुरतेलाच ना?” आम्ही म्हटले, रूमीने गावाचे नाव दिलेले नाही. तेव्हा आजीचा नातू, त्या महिन्यात पहिल्यांदाच, आपणहून बोलला : “नाही सर, भुसावळला. सुरतेला गाडी बदलली असणार.” वर्ग खदखदून हसला, आणि तोही हसला.